दोन राउटिंग इंजिनांचा एमएक्स४८०: पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

कोल्हापूर शहर आणि शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींना जोडणी देणाऱ्या आमच्या इंटरनेट सेवेसाठी जुनिपर कंपनीचा एमएक्स४८० हा राउटर दोन राउटिंग इंजिनांसह (राउटर चालवणाऱ्या, पॅकेटचे मार्ग ठरवणाऱ्या संगणकांसह) घेतला, त्याला आता एक पावसाळा आणि एक उन्हाळा उलटून गेला आहे. दुसऱ्या इंजिनाचा खर्च कशासाठी, असा प्रश्न खरेदीच्या वेळी रास्तच विचारला गेला. ऑगस्ट २०१९ च्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता; अशा वेळी पुण्या-मुंबईहून सुटा भाग येण्याची वाट पाहत फाउंड्र्यांची जोडणी बंद ठेवणे आम्हाला परवडणारे नव्हते.

मात्र दोन इंजिने बसवली म्हणजे काम झाले, ही समजूत चुकीची आहे. ग्राहक जोडण्यापूर्वी आम्ही मुद्दाम तिन्ही परिस्थिती तपासल्या. ग्रेसफुल स्विचओव्हर (कार्डे न थांबवता इंजिन बदलण्याची सोय) बंद असताना सूत्रे दुसऱ्या इंजिनाकडे दिली, तर लाइन कार्डे (प्रत्यक्ष पॅकेट पुढे पाठवणारी कार्डे) नव्याने सुरू होतात आणि सेवा पूर्ववत व्हायला मिनिटे जातात. तो चालू केल्यावर कार्डे पॅकेट पुढे पाठवत राहतात, पण नव्या मास्टरवर (सूत्रे हाती घेतलेल्या इंजिनावर) राउटिंगची प्रक्रिया कोऱ्या पाटीने सुरू होते, त्यामुळे बीजीपी सेशन (शेजारच्या नेटवर्कांशी मार्गांची देवाणघेवाण करणाऱ्या जोडण्या) तुटतात आणि शेजारचे राउटर आपल्याकडे येणारे मार्ग काढून टाकतात. म्हणजे आपले पॅकेट बाहेर जाते, परतीची वाट मात्र पुसलेली असते. शिवाय इंटरनेटचे आयपीव्ही४ चे दहा लाखांच्या आसपासचे मार्ग पुन्हा शिकावे लागतात, ते वेगळेच.

खरा फरक पडतो तो नॉनस्टॉप ॲक्टिव्ह राउटिंगने. यात बॅकअप इंजिनावरही राउटिंगची प्रक्रिया चालू असते आणि सेशनची स्थिती तिथे सतत उतरत राहते. ग्रेसफुल रिस्टार्ट या दुसऱ्या सोयीत सेशन पुन्हा जुळेपर्यंत शेजारचा राउटर आपले जुने मार्ग जपून ठेवतो, म्हणून तिला शेजाऱ्याचे सहकार्य लागते. नॉनस्टॉप राउटिंगमध्ये शेजाऱ्याला काही कळवावेच लागत नाही. आमच्या एका अपस्ट्रीमकडे (आम्हाला इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे) ग्रेसफुल रिस्टार्टची सोय सुरू नव्हती, तरीही स्विचओव्हरनंतर त्यांच्या बाजूला सेशनचा कालावधी अखंड दिसत होता. हे पाहिल्यावर दुसऱ्या इंजिनाचा पैसा सत्कारणी लागला, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. ग्रेसफुल रिस्टार्ट आणि नॉनस्टॉप राउटिंग या दोन सोयी जुनॉसमध्ये (जुनिपरच्या राउटर सॉफ्टवेअरमध्ये) एकत्र चालत नाहीत, हे मात्र आराखडा करतानाच ध्यानात घ्यावे.

बीएफडीकडे (ठरावीक अंतराने संदेश पाठवून दुवा तुटला का हे झटपट ओळखणाऱ्या प्रोटोकॉलकडे) विशेष लक्ष द्यावे लागते. आमच्या जुन्या मांडणीत त्याचा अंतराल ३०० मिलिसेकंद होता. इंजिनावर चालणाऱ्या बीएफडी सेशनसाठी नॉनस्टॉप राउटिंगसोबत हा अंतराल २५०० मिलिसेकंद किंवा अधिक ठेवावा, अशी कंपनीचीच सूचना आहे. नाहीतर बीजीपीची स्थिती शाबूत असूनही बीएफडी तो दुवा तुटल्याचे जाहीर करू शकते. कमिट सिंक्रोनाइझ (कॉन्फिगरेशनमधला बदल दोन्ही इंजिनांवर एकाच वेळी लागू करणे) हेही सक्तीचे आहे, आणि ते योग्यच आहे, कारण दोन इंजिनांवर दोन वेगळी कॉन्फिगरेशन असणे हे एकच इंजिन असण्यापेक्षा घातक.

दर देखभालीच्या रात्री आम्ही सूत्रे जाणीवपूर्वक बदलतो. त्याआधी बॅकअपवर ‘शो सिस्टीम स्विचओव्हर’ आणि मास्टरवर ‘शो टास्क रेप्लिकेशन’ या आज्ञांचे उत्तर पाहतो. बीजीपीपुढे ‘कम्प्लीट’ (स्थिती बॅकअपवर पूर्ण उतरली) दिसल्याशिवाय पुढे जात नाही. पूर्ण राउटिंग तक्ता असताना त्याला वेळ लागतो आणि तो द्यावाच लागतो. बॅकअप इंजिन सुस्थितीत आहे की नाही, हे पडून राहिलेल्या कार्डावरच्या हिरव्या दिव्यावरून कळत नाही.

दोन्ही इंजिनांवर सॉफ्टवेअर एकच असल्याने त्यातला दोष दोन्हीकडे सारखाच राहतो, त्यामुळे ज्यांना शक्य आहे त्यांनी वेगळ्या इमारतीत दुसरा राउटर ठेवण्याचा विचार सोडू नये. एमएक्स२४० घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब आधी करावा: त्यात दुसरे इंजिन ज्या कंट्रोल बोर्डावर बसते, तो बोर्ड लाइन कार्डाची एक जागा व्यापतो. एमएक्स४८० मध्ये दोन्ही बोर्डांना स्वतंत्र जागा असून लाइन कार्डांसाठी सहा उरतात, आणि आमची निवड मुख्यतः त्यावरच ठरली.