सागवानी खुर्ची की चिनी मातीची बरणी?

जुन्या वस्तूंचा नाद लागला, की आमच्या चंद्रपूरकडच्या वाड्यांत दोन गोष्टी खुणावतात. पहिली, वेताची सागवानी खुर्ची. स्विस वास्तुकार पिएर जानरे यांनी १९५० च्या दशकात चंदीगडसाठी केलेल्या अशा खुर्च्या आज परदेशी लिलावांत लाखांनी जातात, म्हणून नकलाही उदंड. खुर्ची उलटी करून पाहा: सांधे खाचेत लाकूड बसवून केलेले की खिळ्यांचे, पायाला उधई लागली का? वीण फाटली तर विणणारा शोधता शोधता नाकी नऊ येतात. (माझी अजून माळ्यावरच आहे.)

दुसरी, वर तपकिरी, खाली पांढुरकी लोणच्याची बरणी. नखाने टिचकी मारा. खणखणली तर घ्या, बद्द वाजली तर तडा. शोभेलाच ठेवा, जुन्या झिलईत शिसं असू शकतं. माझं मत बरणीलाच.