बडोद्याच्या व्होल्टेजवर भट्टीची कॉइल: नायक्रोम, कांथल की कार्बाइडचे रॉड?

मे महिन्यातली संध्याकाळ. कारेलीबागेतल्या भाचीच्या स्टुडिओत सिरॅमिकची भट्टी 1208 अंशांवर येऊन अडली होती. कंट्रोलरवर 1220 लावलेले, कॉइल सलग चालू, तरी आकडा जागचा हलेना. बाहेर सगळ्या सोसायटीचे एसी घुरघुरत होते. मी मल्टिमीटर लावला, तर 202 व्होल्ट.

"मामा, कॉइल गेली का हो?"

कॉइल ठणठणीत होती. भट्टी गार झाल्यावर ओहम, म्हणजे तारेचा रोध, मोजले तर 8.8, म्हणजे नवी असताना होते तेवढेच. भट्टी 6 किलोवॉटची, पण ते 230 व्होल्टला. 202 व्होल्टला तिच्यातून मिळतात जेमतेम 4.6 किलोवॉट. व्होल्टेज बारा टक्क्यांनी पडला की वॉट जवळजवळ तेवीस टक्क्यांनी पडतात, कारण वॉट व्होल्टेजच्या वर्गाने बदलतात. बाराशेच्या वर भट्टीच्या भिंतींतून जेवढी उष्णता बाहेर जाते, तेवढीच कॉइल देऊ लागली की चढण संपली.

तिने तीन तास वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडले तेव्हा हिरवे ग्लेझ मगांवरून ओघळून शेल्फला चिकटले होते आणि सहा नंबरचा कोन (भाजणी पुरी झाली की वाकणारा मातीचा छोटा सुळका) पार लोळला होता. 1220 गाठलेच नाही, मग जास्त भाजले कसे? कोन तापमानाबरोबर वेळही मोजतो. ताशी 60 अंशांनी चढवले तर सहा नंबरचा कोन 1222 च्या सुमाराला वाकतो, पण ताशी 15 अंशांनी रेंगाळत नेले तर 1185 लाच. म्हणजे कमी व्होल्टेजची शिक्षा कधी कच्च्या मालाने मिळते, कधी करपलेल्या मालाने.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) भट्ट्यांच्या कॉइल बदलण्यात माझी बरीच वर्षे गेली. नवी भट्टी घेणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न मटेरियलचा विचारतो. मी उलट विचारतो, तुमच्याकडे सगळ्यात कमी व्होल्टेज किती येतो? आठवडाभर सकाळी, दुपारी चारला आणि रात्री नऊला मोजा आणि वहीत लिहा. मे महिन्यात मोजलेत तर उत्तम. तो आकडा हातात आला की पुढची निवड सोपी होते.

आता मटेरियल. नायक्रोम सगळ्यात जुने. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांनी 1906 साली त्याचे पेटंट घेतले. 80 भाग निकेल, 20 भाग क्रोमियम. तार 1200 अंशांपर्यंत टिकते, म्हणजे भट्टीच्या आतले तापमान 1100 च्या आत ठेवायचे, कारण तार नेहमी हवेपेक्षा गरम असते. ज्याला कांथल म्हणतात ते लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमचे. स्वीडनमध्ये हान्स फॉन कांट्झोव यांनी ते काढले आणि 1931 साली त्याच नावाची कंपनी उभी राहिली. त्यातला ए-वन ग्रेड 1400 अंशांपर्यंत जातो.

व्होल्टेजच्या बाबतीत ही दोघे सख्खी भावंडे. गार असताना आणि हजार अंशांना दोघांच्या ओहममध्ये चार-पाच टक्क्यांचाच फरक पडतो. त्यामुळे व्होल्टेज वर-खाली झाला की वॉट इमानाने वर्गाच्या हिशोबाने बदलतात, आणि कॉइल स्वतःहून काही सांभाळून घेत नाही. "कांथल घेतले की व्होल्टेजचा त्रास नाही" असे कुणी सांगितले तर ऐकू नका. फरक आहे तो तारेच्या स्वभावात. नायक्रोम वापरल्यावरही लवचीक राहते, गरम असताना कमी लोंबते आणि तुटली तर पुन्हा वळवता येते. कांथल एकदा हजाराच्या वर गेले की गार झाल्यावर काचेसारखे ठिसूळ होते. खाचेतून बाहेर आलेला वेढा गार असताना पक्कडीने दाबाल तर हातात तुकडा येईल. आधी टॉर्चने लाल करायचा, मगच हात लावायचा.

वजनातही फरक आहे. 2 मिलिमीटर तारेतून 14 ओहमच्या दोन कॉइल करायच्या, तर कांथल साधारण 60 मीटर लागते, सुमारे 1.35 किलो. नायक्रोम 80 मीटर, 2.1 किलोच्या आसपास. त्यात निकेल महाग. दुकानात तारेचे बंडल हातात घेतले की खिशातला लोहचुंबक लावा. कांथलला चिकटतो, 80-20 नायक्रोमला चिकटत नाही. मी हा चुंबक किल्ल्यांच्या जुडग्यातच अडकवलाय. बांगड्या, मीनाकारी, बिस्किट फायरिंग (ग्लेझच्या आधीची भाजणी), लोखंडाचे हार्डनिंग अशी हजाराच्या आतबाहेरची कामे असतील आणि कॉइल वारंवार हाताळावी लागणार असेल, तर नायक्रोम चांगले. स्टोनवेअरचे (बाराशेच्या आसपास भाजायच्या भांड्यांचे) ग्लेझ करायचे असेल तर कांथल ए-वन, दुसरा विचारच नको.

सिलिकॉन कार्बाइडचे रॉड आपल्याकडे ग्लोबार म्हणूनही ओळखतात. 1300 च्या वर नियमित जायचे असेल तर ते घ्यावे लागतात. पण अस्थिर लाइनवर यांचे वागणे वेगळे. गार असताना ओहम जास्त, तापताना 700-800 पर्यंत उतरत जातात, मग पुन्हा चढतात. म्हणजे मधल्या टप्प्यात करंट अचानक वाढतो, आणि नेमका तेव्हा व्होल्टेज 245 असेल तर फ्यूज उडतो. शिवाय रॉड म्हातारे होतात. महिन्या-महिन्याला ओहम वाढत जाऊन शेवटी तिप्पट-चौपट होतात. ओहम दुप्पट झाले तर तेवढेच वॉट मिळायला व्होल्टेज 1.4 पट लागतो, चौपट झाले तर दुप्पट. म्हणून यांना टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायचे टप्पे) असलेला ट्रान्सफॉर्मर हवाच. तुमची लाइन आधीच 205 ला येत असेल, तर निम्मे टॅप लाइन सांभाळण्यातच खर्च होतील आणि म्हातारपणासाठी काही उरणार नाही. एक रॉड तुटला म्हणून त्याच्या जागी नवा घालू नका, नव्याजुन्यांचे जमत नाही. संचच बदलायचा.

मॉलिब्डेनम डायसिलिसाइड हे प्रयोगशाळेचे आणि झिर्कोनिया दातांच्या भट्टीचे मटेरियल. गार असताना त्याचा रोध गरम असतानाच्या दहाव्या भागाइतकाच, म्हणून पूर्ण व्होल्टेज एकदम दिला तर करंटचा लोंढा. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणि करंट लिमिटवाला थायरिस्टर (वीज भराभर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) दोन्ही लागतात. एक गुण मात्र मान्य करायला हवा. व्होल्टेज वाढला की ते जास्त तापते, ओहम वाढतात आणि वॉट थोडे आवरतात. ते म्हातारेही होत नाही. पण मातीकामाच्या स्टुडिओला एवढा खर्च कशाला?

जाता जाता पीटीसीबद्दल. बेरियम टायटनेटच्या या चकत्या ठरावीक तापमानाला पोचल्या की त्यांचा रोध झपाट्याने चढतो, त्यामुळे लाइन 190 असो की 250, तापमान जवळपास तेच. भट्टीसाठी उपयोग शून्य, पण पावसाळ्यात कच्ची भांडी वाळवायच्या कपाटाला यासारखे दुसरे काही नाही.

आता भाचीला मी काय करून दिले ते सांगतो, कारण खरा निर्णय इथेच आहे. तिच्या वहीत सगळ्यात कमी आकडा 202 होता, सगळ्यात जास्त 245, तो पहाटेचा. एक वाट होती सर्व्हो स्टॅबिलायझरची, म्हणजे व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणाऱ्या यंत्राची. भट्टी आधीच घेतलेली असेल आणि कॉइल नवी असेल तर तीच घ्या. सर्व्हो मोटरने सरकतो, सावकाश, पण भट्टीही सावकाशच चालते, त्यामुळे चालून जाते. दुसरी वाट कॉइलच कमी व्होल्टेजच्या हिशोबाने बनवायची. 6 किलोवॉट 205 व्होल्टला हवे असतील तर 7 ओहम लागतात. म्हणून कांथल ए-वनच्या 14 ओहमच्या दोन कॉइल समांतर जोडल्या. तारेच्या पृष्ठभागावर दर चौरस सेंटिमीटरला दीड वॉटच्या आसपास भार येतो, तो या तापमानाला सोसतो.

पण हीच कॉइल 245 व्होल्टला 8.6 किलोवॉट ओढेल, 35 अँपिअर. म्हणून थायरिस्टर लावून सरासरी 6 किलोवॉटवर बांधून ठेवली. इथे बरेच जण चुकतात. थायरिस्टर सरासरी कमी करतो, पण चालू असलेल्या क्षणी 35 अँपिअर जातातच. मीटरपासूनची केबल, एमसीबी आणि मंजूर लोड त्या आकड्याचे हवे. थायरिस्टर जळताना बहुतेक वेळा बंद होत नाही, शॉर्ट होतो, म्हणजे भट्टी चालूच राहते. म्हणून वेगळ्या थर्मोकपलवर (तापमान मोजणाऱ्या काडीवर) चालणारा एक कॉन्टॅक्टर, म्हणजे विजेवर ओढला जाणारा मोठा स्विच, पुढे हवाच. या कॉन्टॅक्टरची स्वतःची कॉइल थेट लाइनवर ठेवली तर कमी व्होल्टेजला तो थरथरतो आणि त्याचे कॉन्टॅक्ट जळतात. आम्ही 24 व्होल्ट डीसीचा घेतला, एसएमपीएसवर (लाइनची वीज स्थिर डीसीत बदलणाऱ्या छोट्या पॉवर सप्लायवर). ते एसएमपीएस 90 ते 264 व्होल्टपर्यंत बिनतक्रार चालते.

थ्री-फेज घेणाऱ्यांनी एवढेच पाहावे: न्यूट्रल नसलेल्या स्टारमध्ये किंवा डेल्टामध्ये (कॉइल जोडायच्या दोन पद्धती) एक फेज गेला तर भट्टी निम्म्या ताकदीवर येते, आणि रात्री कुणाच्या लक्षात येत नाही. फेज फेल्युअर रिले लावा.

नवी कॉइल बसवल्यावर पहिला माल चढवायची भाचीला घाई झाली होती. मी थांबवले. रिकामी भट्टी, झडप उघडी, 1050 अंशांवर आठ तास. तारेवर राखाडी, मॅट थर आला. तो ॲल्युमिनाचा, तारेचे पुढचे सगळे आयुष्य त्याच्यावर असते. मग जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आधी, रात्री नऊला 204 व्होल्ट असताना भट्टी ताशी 60 अंशांच्या चढणीने 1222 ला पोचली. भोकातून पाहिले तर कोन नुकताच वाकत होता.

आता भट्टीशेजारी भिंतीला एक कागद चिकटवलाय. दर महिन्याला, भट्टी पूर्ण गार असताना, मेन स्विच पाडून आणि कॉइलच्या वायरी सोडवून ती ओहम मोजून तारीख टाकते. जून, 7.0. ऑक्टोबर, 7.1. 7.7 झाले की नवी तार मागवायची, असे तिने खाली लाल पेनाने लिहून ठेवलेय.