पेडण्यातलं मोठं घर, डोंबिवलीतले आईबाबा: मधल्या वाटेची पारख

घर दाखवणारा दलाल कार्पेट एरिया सांगतो, मागचं परसू दाखवतो, मोपा विमानतळ ‘इथून पंधरा मिनिटं’ म्हणून मोकळा होतो. थिवी स्टेशन किती लांब आणि तिथे पहाटे जायला वाहन मिळतं का, हे मात्र आपणच विचारावं लागतं. मुंबई-ठाण्यातला वन बीएचके विकून पेडणे, डिचोली, सत्तरीकडे अंगणासह तीन खोल्या घ्यायच्या, तर आईबाबा आणि भावंडं मागे राहणार हे ठरलेलंच. त्यांची प्रत्यक्ष भेट वर्षातून दोनदा होणार की दहादा, हे बऱ्याच अंशी गाड्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून. म्हणून घर बाजूला ठेवून इथे त्या वाटेवरच्या सेवा तपासल्या आहेत. कसोटी एकच: दूर राहणाऱ्या कुटुंबाला त्या किती उपयोगी पडतात.

पहिला नंबर मुंबई-मडगाव कोकणकन्या एक्स्प्रेसचा, आणि दुसऱ्याशी अंतर बरंच आहे. २०१११ क्रमांकाची गाडी सीएसएमटीहून रात्री ११.०५ ला सुटते आणि सकाळी उत्तर गोव्यात येते. परतीची २०११२ मडगावहून संध्याकाळी निघते, पहाटे ५.४० ला सीएसएमटी. पावसाळ्यात वेळा सरकतात. पेडणे, थिवी, करमळी तिन्ही ठिकाणी थांबा असल्याने घर कुठल्याही तालुक्यात असलं तरी ही चालते. शुक्रवारी कामावरून सुटून निघालं की शनिवारी सकाळी नाश्ता घरी, रविवारी संध्याकाळी परत आणि सोमवारी पहाटे ठाणे. सुट्टी न टाकता दोन घरं जोडणारी गाडी हीच. अर्थात हे गणित सगळ्यांनाच कळतं. त्यामुळे शुक्रवारची जाणारी आणि रविवारची येणारी आधी भरते. मंगळवार-बुधवारी तिच्यात जागा मिळणं बरंच सोपं. घरून काम करणाऱ्याने शनिवार-रविवारचा हट्ट सोडून आठवड्याच्या मधे ये-जा ठेवली, तर अर्धा ताप वाचतो.

तिकीट काढताना लोक सर्वाधिक फसतात ते तारखेत. कोकणकन्या ठाण्याला पावणेबाराच्या सुमारास येते, पनवेलला मध्यरात्र उलटून. म्हणजे शुक्रवार रात्रीच्या गाडीत पनवेलला चढायचं तर तिकिटावर शनिवारची तारीख हवी. पनवेल-थिवी असं शोधून शुक्रवार टाकला, तर गुरुवारी रात्री निघालेली गाडी पदरात पडते. दादर-सावंतवाडी तुतारीत घोळ आणखी मोठा. ती दादरहून १२.०५ ला सुटते, म्हणून शनिवारचं तिकीट शुक्रवारी रात्री वापरायचं असतं. शनिवारी रात्री बॅगा घेऊन दादरला येणारे दर सुट्टीत दिसतात, आणि गाडी चोवीस तासांपूर्वीच गेलेली असते.

आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. हे साठ दिवस गाडी जिथून निघते तिथल्या तारखेवरून मोजतात, तुम्ही जिथे चढता तिथल्या नाही. चवथीचं उदाहरण घ्या. २०२६ ची गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. शुक्रवार ११ सप्टेंबरच्या रात्रीच्या कोकणकन्येचं आरक्षण १३ जुलैला उघडणार. पनवेलकराच्या तिकिटावर १२ सप्टेंबर असेल, त्यावरून साठ मोजत तो १४ जुलैला संगणकापुढे बसला तर वेटिंगच हाती येणार. चवथीच्या आधीचे चार-पाच दिवस अख्खी मुंबई कोकणात उतरत असते. तेव्हा आठ वाजून पाच मिनिटांनीही फारसा उपयोग नसतो. प्रवाशांची नावं आणि वयं आदल्या दिवशीच आयआरसीटीसीच्या मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवायची आणि पैसे वॉलेटमधून द्यायचे, ओटीपीची वाट बघत बसायचं नाही. हुकलंच तर मध्य रेल्वे नंतर गणपती विशेष गाड्या जाहीर करते, त्यात जागा मिळते. फक्त त्यांना जागोजागी बाजूला काढतात, म्हणून पोचण्याच्या वेळेवर विसंबून पुढचं काही ठरवू नये.

तत्काळ आदल्या दिवशी उघडतं: एसीचं दहाला, स्लीपरचं अकराला. ऑनलाइन काढायचं तर खात्याची आधार पडताळणी झालेली हवी. कन्फर्म तत्काळ रद्द केलं तर पैसे बुडाले समजायचं. वेटिंगवर चढून टीसीला गाठायचे दिवसही सरले आहेत. पूर्ण वेटिंगचं ई-तिकीट आपोआप रद्द होतं, आणि खिडकीवरच्या वेटिंग तिकिटावरही आता स्लीपर किंवा एसीत बसू देत नाहीत. खिडकीवर तिकीट काढायची सवय असलेल्या वडीलधाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ठाण्याच्या फलाटावर वाद ठरलेला.

आईबाबा इकडे येणार असतील तेव्हा मात्र मांडवी एक्स्प्रेसचं पारडं जड होतं. सकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून निघते, संध्याकाळी गोवा. दहा-बारा तास ऐकायला जास्त वाटतात. पण बर्थ असल्याने दुपारी पाठ टेकता येते, स्वच्छतागृह जवळ असतं आणि रात्री-अपरात्री स्टेशन चुकायची धास्ती नसते. पँट्रीतलं खाणं कोकण रेल्वेवर नावाजलेलं आहे, डबा नाही बांधला तरी चालतं. थिवीला पोचेपर्यंत संध्याकाळ होते, तेव्हा न्यायला कुणीतरी गेलेलं बरं.

लोअर बर्थसाठी एक बारकावा. ६० वर्षांवरचे पुरुष आणि ४५ वर्षांवरच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो एकट्याने किंवा दोघांनीच तिकीट काढलं तर. आजी-आजोबांबरोबर त्याच पीएनआरवर नातवाचं नाव घातलंत की कोटा गेला, आणि आजीच्या वाट्याला वरचा बर्थ. तेव्हा त्यांचं तिकीट वेगळं आणि नातवाचं वेगळं काढा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशेबात धरू नका.

वंदे भारतचं कौतुक जरा जास्तच होतं. जून २०२३ मध्ये सुरू झाली. पहाटे ५.२५ ला सीएसएमटी सोडते, दुपारी एकच्या सुमारास मडगाव. थिवीला थांबते, हे उत्तर गोव्यासाठी चांगलं. पण डोंबिवलीहून सहाच्या आत ठाणं गाठायचं तर म्हाताऱ्या माणसांना साडेतीनला उठावं लागतं. बर्थ नाहीत, त्यामुळे पावणेआठ तास बसूनच जायचं. शुक्रवारी गाडी नसते, म्हणजे ज्यांना हवी त्यांच्याच दिवशी नाही. पावसाळ्यात तर आठवड्यातून तीनच दिवस धावते आणि वेळही वाढतो. एरवी सुट्टीत फिरायला येणाऱ्याला उत्तम. महिन्याला ये-जा करणाऱ्या घराला पाचपैकी अडीच गुण. जनशताब्दीचा प्रकार साधारण तोच, भाडं बरंच कमी. तरण्याताठ्या भावाबहिणींना तीच परवडते. तेजस थिवीला थांबत नाही, कुडाळनंतर थेट करमळी. पणजी-पर्वरीकडे घर असेल तरच तिचा विचार करा.

बोरिवली-वसईकडे नातेवाईक असलेल्यांची सोय ऑगस्ट २०२४ पासून थोडी सुधारली. वांद्रे टर्मिनस-मडगाव ही आठवड्यातून दोनदा धावणारी गाडी वसईमार्गे येते, दादर-ठाण्याला सामान ओढत जावं लागत नाही. फेऱ्या दोनच, एवढीच तक्रार.

आता पावसाळा. कोकण रेल्वे बहुतेक ठिकाणी एकेरी आहे. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत वेगळं वेळापत्रक लागतं आणि गाड्यांचा वेग कमी ठेवतात. एक गाडी अडकली की समोरून येणारी पुढच्या स्टेशनात थांबून राहते, उशीर असा साखळीने वाढतो. पेडणेकरांनी खास लक्षात ठेवावा तो मडुरे आणि पेडणे यांच्यामधला बोगदा. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची भिंत कोसळली. जुलै २०२४ मध्ये आत पाणी आणि चिखल आला. दोन्ही वेळा वाहतूक ठप्प होऊन काही गाड्या मिरज-लोंडामार्गे वळवाव्या लागल्या. गाडी वळली की ती मडगावच्या बाजूने गोव्यात शिरते आणि तुमचं स्टेशन वाटेत राहतच नाही. गाडी सावंतवाडीपर्यंतच आली तर मात्र फार बिघडत नाही. तिथून पेडणे रस्त्याने तासाभराच्या आत आहे, आधी फोन करून गाडी ठरवायची एवढंच. तारखा हातात असतील तर आईबाबांची मोठी भेट नोव्हेंबर ते मे यांत बसवा. जुलैमधलं ऑपरेशन, साखरपुडा, श्राद्ध असं टाळता न येणारं काही असेल, तर एक दिवस आधी निघा.

बस हा नाइलाजाचा पर्याय, पण नाइलाज बऱ्याचदा येतो. पणजी-म्हापशाहून संध्याकाळपासून खासगी स्लीपर निघतात, कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, आणि महाराष्ट्र एसटीच्या गाड्याही आहेत. मुंबईला बारा ते चौदा तास धरा. एका बाजूचा खालचा सिंगल बर्थ मागा; मागच्या चाकावरचा आणि त्यामागचा घेऊ नका, घाटात पोटातलं ढवळून निघतं. वृद्धांची खरी अडचण स्वच्छतागृहाची. गाडी रात्री जेवणाला एकदा थांबते, मग थेट पहाटे. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्या माणसाला बसने बोलावू नये, बस कितीही आलिशान असो. पुण्यात कुटुंब असेल तर निवड आणखी कमी. वास्कोहून सुटणारी गोवा एक्स्प्रेस पुण्याला जाते, पण ती मडगाव, कुळे, लोंडा अशी. पेडणे-डिचोलीवाल्याला आधी उलट दिशेला तासभर जावं लागतं. पुणेकरांनी बसच धरून चालावं.

मध्यरात्री फोन आला तर? कोकणकन्या संध्याकाळीच गेलेली असते, बसही नऊ-दहानंतर मिळणं कठीण. उरतं सकाळचं पहिलं विमान. इथे पेडण्याचं घर खरोखर कामाला येतं. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तो याच तालुक्यात आहे. नवी मुंबईचा विमानतळही डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्याने पनवेल-डोंबिवलीच्या घराकडे जाताना अंधेरीचा वळसा टाळता येतो, त्या वेळेचं विमान असेल तर. आयत्या वेळचं तिकीट महिन्याभरापूर्वीच्या तिकिटाच्या दुप्पट-तिप्पट सहज जातं. दरवर्षी अशा दोन आयत्या फेऱ्यांचे पैसे बाजूला ठेवून मगच घराच्या हप्त्याचा आकडा ठरवा. एवढे पैसे निघत नसतील तर एक खोली कमी घ्या.

शेवटचे दहा-पंधरा किलोमीटर सगळ्यात महागडे. ओला-उबर गोव्यात नाहीत. स्टेशनवरची टॅक्सी मीटरने येईल ही आशा सोडा. बसण्याआधी आकडा पक्का करा. बॅग एकच असेल तर पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सी, स्वस्त पडते, पण सत्तर वर्षांच्या आजीला पायलटवर बसवता येत नाही. विमानतळावरून कदंबच्या बसगाड्या म्हापसा-पणजीकडे जातात. पुढे वाड्यापर्यंत संध्याकाळनंतर बस मिळणं दुर्मीळ. स्वतःचं वाहन आणि ते चालवणारी दोन माणसं घरात नसतील, तर स्टेशनपासून आठ किलोमीटरच्या पुढचं घर बघूच नका. आणि घर बघायला रविवारी दुपारी गेलात तर एकदा सकाळी आठच्या आतही जा, स्टेशनवरून, भाड्याच्या वाहनाने.

‘पुढेमागे त्यांनाच इकडे आणू’ असं ठरवूनही काही जण मोठं घर घेतात. त्यांनी दोन गोष्टी आजच बघाव्यात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं कार्ड गोव्यात किमान पाच वर्षं वास्तव्य असलेल्यांनाच मिळतं, म्हणजे आल्या-आल्या आईबाबांना ते लागू नाही. तोवर आधार खासगी विम्याचा. अनेक पॉलिसींत शहरांप्रमाणे झोन असतात आणि मुंबईचा झोन महाग असतो. पत्ता गोव्याचा केला की हप्ता उतरतो, म्हणून लोक लगेच बदलून घेतात. मग जुन्या डॉक्टरकडे ठाण्याला भरती व्हायची वेळ आली की बिलातला ठरावीक टक्का आपल्या खिशातून जातो. बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज पेडण्याहून पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे. तिथे नवीन डॉक्टर नीट लागून, जुन्या फायली हस्तांतरित होईपर्यंत मुंबई झोनचाच हप्ता भरत राहा, आणि पॉलिसीतल्या को-पेच्या, म्हणजे खिशातून भरायच्या या टक्क्याच्या, कलमाला खूण करून ठेवा.