गुपित सांगायचंय, पण कुठे? लोकल पेज, ॲप, पोस्टकार्ड की वही

नाव न लावता मनातलं सांगून टाकायचंय ना, मग आधी एकच बघा, वाचणारे तुम्हाला ओळखतात का. ॲप कोणतं, फीचर काय, ते सगळं नंतर.

कॉलेजचं किंवा शहराचं कन्फेशन पेज, म्हणजे लोकांनी पाठवलेली गुपितं नाव न देता टाकणारं पेज, वाचायला सगळ्यात भारी, कारण ‘ही कोण असेल’ हा खेळ तिथेच रंगतो, आणि आपल्यासारखंच दुसऱ्याच्या घरीही चालतं हे कळून जरा हायसं वाटतं ते वेगळंच. पण लिहायला? इंदूरची आपली मराठी मंडळी, रामबाग घ्या नाहीतर राजेंद्र नगर, कोणाची ना कोणाची मावशी दुसऱ्याच्या शेजारी राहतेच. ‘सासूबाई गणपतीत बडोद्याला गेल्या आणि पहिल्यांदा घर माझं वाटलं’ एवढं लिहिलं तरी बास, संध्याकाळी भिशीत नावासकट चर्चा. शिवाय पेज चालवणारा कोण ते आपल्याला माहीत नसतं, त्याला मात्र आपला मेसेज दिसतो. फॉर्म भरताना वरती तुमचा ईमेल नोंदवला जाईल असं दिसलं तर तिथूनच मागे फिरा.

परदेशी ॲपमध्ये गर्दी मोठी, म्हणून ओळखलं जायची भीती कमी, असं वाटतं खरं. ‘सीक्रेट’ नावाचं ॲप 2014 मध्ये आलं, त्यात मित्रांची आणि मित्रांच्या मित्रांची गुपितं दिसायची, म्हणजे परत तेच भिशी प्रकरण, लोकांना छळायलाच ते जास्त वापरलं गेलं अशी बोंब झाली आणि 2015 मध्ये बंदही पडलं. ‘व्हिस्पर’ या तसल्याच निनावी ॲपचं तर 2020 मध्ये उघड झालं की लोकांच्या पोस्टसोबत वय, लोकेशन असली माहिती पासवर्डशिवाय उघडी पडली होती. नाव नव्हतं त्यात, पण लोकेशनवरून घर कळतंच की.

पोस्टकार्डाचा प्रकार मला सगळ्यात आवडतो. अमेरिकेत मेरीलँडच्या फ्रँक वॉरेन यांनी 2004 मध्ये लोकांना कोरी कार्डं वाटली, गुपित लिहून पाठवा म्हणून, तेच ‘पोस्टसीक्रेट’. लॉगिन नाही, फोन नंबर नाही, फार तर इंदूरचा शिक्का उमटेल, तिकडे कोणाला काय घेणं. (त्यांनीही 2011 मध्ये ॲप काढलं होतं, पण लोक इतकं घाण टाकायला लागले की थोड्याच महिन्यांत गुंडाळावं लागलं.) अडचणी आहेतच. आपलं 50 पैशांचं कार्ड तेवढ्या तिकिटावर परदेशी जात नाही, इंग्रजीत लिहावं लागेल, आणि आलेलं कार्ड ते वेबसाइटवर टाकतीलच असं नाही. ‘वाचलं गं, माझंही असंच आहे’ असं कोणीतरी म्हणावं ही हौस असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

जीव नकोसा वाटण्याइतकं जड काही असेल तर मात्र यातलं काहीच नको, कमेंटवाले वाट्टेल ते बोलतात. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आणि चोवीस तास.

आणि कोणी वाचायलाच हवं असं नसेल तर सरळ वही. पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस रोज 15 मिनिटं मनातलं सलणारं लिहायला लावलं, लिहिल्यावर लगेच वाईटच वाटलं त्यांना, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या साध्यासुध्या विषयांवर लिहिणाऱ्यांपेक्षा कमी झाल्या. एकत्र कुटुंबात वही लपवायची सोय नसेल तर सुटा कागद घ्या, लिहा, फाडा. इंदूरची कचरा गाडी ओला-सुका वेगळा करूनच घेते, तेव्हा कागद सुक्यात, आणि तुकडे जरा बारीक करा.