मालवणजवळच्या देवबागला खाडीतली गरीची (गळाची) मासेमारी, फॅमिलीसोबत जाणार असाल तर वाचा

दिवाळीच्या सुट्टीत देवबागला होमस्टे घेतला होता, तिथल्याच काकांनी कर्ली खाडीत होडीतून गरी टाकायला नेलं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मधे गावाची चिंचोळी पट्टी, त्यामुळे समुद्र खवळलेला असला तरी खाडीत पाणी शांत असतं, लहान पोरं आणि आईबाबा बरोबर असतील तर हेच बेस्ट.

रॉड वगैरे काही नाही हां, सरळ तंगूस (नायलॉनचा दोरा), वजनाला शिसं आणि गरीला कोळंबीचा तुकडा. तंगूस तर्जनीवर हलकं धरून ठेवायचं, मासा आधी नुसता टुकटुक करतो तेव्हा ओढायचं नाही, त्याने जोरात खेचलं की मग झटका द्यायचा, हे काकांनी माझ्या मुलीला इतक्या शांतपणे शिकवलं ना की पहिली तांबोशी तिनेच काढली! छोटी होती म्हणून काकांनी परत सोडायला लावली, हे मला फार आवडलं. मोठे मासे काकूंनी संध्याकाळी तिरफळं घालून केले, अप्रतिम.

एकच तक्रार, लहान मुलांच्या मापाचं लाइफ जॅकेट नव्हतं, मोठ्यांचंच आवळून बांधलं. हे त्यांनी सुधारायलाच पाहिजे, तोवर स्वतःचं घेऊन जा. वेळ भरती बघून ठरते, त्यामुळे आदल्या दिवशी विचारून ठेवा, आणि जून-जुलैत जाऊ नका, पावसाळा असतो.