सीडी कलेक्शनसाठी नव्या केसेस: काही महिन्यांच्या वापरानंतर काय टिकलं, काय मोडलं

नवी केस हातात आली की आधी नजर जाते झाकणाच्या चकाकीकडे. तिथेच फसगत होते, कारण पहिल्या दिवशी सगळ्याच केसेस सारख्याच स्वच्छ दिसतात. वेगवेगळ्या उत्पादकांच्या साध्या केसेस, पॉलिप्रॉपिलीनच्या लवचीक केसेस, स्लिम केसेस आणि मऊ स्लीव्ह, म्हणजे प्लास्टिकची मऊ पाकिटं, असं सगळं काही महिने रोजच्या उघडझापीत वापरल्यावर निकाल स्पष्ट आहे. केसचा दर्जा दोन जागी ठरतो: डिस्क धरणारा ट्रेचा मधला हब आणि झाकणाचे दोन कान. बाकी सगळं दुय्यम.

मापाची काळजी मात्र फारशी करावी लागत नाही. साधी केस १४२ × १२५ मिलिमीटरची आणि साधारण १० मिलिमीटर जाड. तिचे तीन भाग: झाकण, तळ आणि त्यात बसणारा ट्रे. पुढचं बुकलेट सुमारे १२० × १२० मिमीचं. मागचं इन्ले कार्ड घडीसकट १५१ × ११८ मिमीचं, म्हणजे मधला भाग १३८ आणि दोन्ही बाजूंना साडेसहा-साडेसहा मिमीच्या पट्ट्या, ज्यांच्यावर अल्बमचं नाव असतं. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हापासून ही मापं जवळपास तशीच राहिली, म्हणून ऐंशीच्या दशकातले कागद आजच्या केसमध्येही बिनबोभाट बसतात. बदललं आहे ते प्लास्टिक, किंवा खरं तर ते किती वापरायचं याचं प्रमाण.

झाकण आणि तळ स्फटिक पॉलिस्टायरीनचे असतात. हे प्लास्टिक पारदर्शक आणि कडक असतं, पण वाकत नाही, सरळ तडकतं. काळा, करडा किंवा पांढरा अपारदर्शक ट्रे बहुधा रबर मिसळलेल्या पॉलिस्टायरीनचा असतो, त्यामुळे हबचे दाते थोडे दबतात आणि परत जागेवर येतात. पारदर्शक ट्रे झाकणासारख्याच ठिसूळ प्लास्टिकचा असतो. काही महिन्यांत सगळ्यात मोठा फरक दिसला तो इथे. वारंवार ऐकल्या जाणाऱ्या सीडींच्या पारदर्शक ट्रेंचे दाते एकेक करून गळाले, तेवढ्याच वापरात काळ्या ट्रेंचे शाबूत राहिले. इन्ले कार्डच्या आतल्या बाजूला, म्हणजे डिस्कखाली दिसणाऱ्या भागावर छपाई असेल तरच पारदर्शक ट्रे घ्यावा. तिथे कोरा कागद असेल तर पारदर्शक ट्रेने शोभाही वाढत नाही आणि टिकाऊपणाही जातो. केसेस ट्रेशिवाय आणि ट्रे वेगळे असं मिळत असेल तर तसंच घेणं उत्तम, ज्या अल्बमला जो लागेल तो लावता येतो.

हब कसा तपासायचा? डिस्क ठेवून मध्यभागी बोटाने दाबा, एकाच ठाम ‘टक्’ने बसली पाहिजे. ट्रे उलटा धरून हलकेच हलवा, डिस्क पडता कामा नये. मग हबचा मध्य दाबून कडेने उचला, ती न वाकता वर आली पाहिजे. डिस्कचं वजन जेमतेम १५-१६ ग्रॅम, तिला धरायला फार जोर लागतच नाही. काही नव्या केसेसचा हब इतका घट्ट निघाला की डिस्क काढताना ताटलीसारखी वाकायची. हे नुसतं गैरसोयीचं नाही. असं वाकवत राहिलं की १५ मिमीच्या मधल्या भोकाच्या काठाला बारीक चिरा पडतात, आणि पुढे त्या बाहेर सरकू लागतात. घट्ट हब वापराने थोडा सैलावतो हे खरं, पण त्या कामासाठी कलेक्शनमधली डिस्क वापरू नये. टाकाऊ डिस्क वीस-पंचवीस वेळा बसवून काढावी. तरीही अडत असेल तर ट्रे बदलावा.

सैल हबचा त्रास उलटा. डिस्क आत फिरते, खालच्या ट्रेवर घासते. त्यातून तुटलेला दाता आत राहिला तर तो प्रत्येक हालचालीला ओरखडा ओढतो. केस हलवल्यावर खुळखुळ आवाज आला तर ती उभी न करता आडवी ठेवूनच उघडावी, डिस्क सरळ वर उचलावी आणि तुकडे काढूनच ती परत ठेवावी.

आता कान. झाकणाच्या बिजागरीच्या बाजूला जे दोन लांबुडके भाग असतात आणि ज्यांच्या टोकावरच्या खुंट्या तळाच्या भोकात अडकतात, ते. निम्म्याहून जास्त केसेस इथेच मरतात. केस कोपऱ्यावर पडली, झाकण मर्यादेपलीकडे उघडलं किंवा पार्सलमध्ये वर वजन आलं की कान मुळापासून निखळतो. चांगल्या केसमध्ये कान जाड असतो आणि झाकणाला जिथे जोडलेला असतो तिथे आतला कोन गोलसर केलेला असतो. काटकोनात कापल्यासारखा कोन दिसला तर ती केस नापास समजावी, कारण सगळा ताण त्या एका रेषेवर येतो. खुंटी पुरेशी लांब हवी. आखूड असली तर कान न मोडताही झाकण सारखं निसटतं. हलक्या केसेसमध्ये काही महिन्यांनी हेच झालं. कान शाबूत, पण बिजागरी ढिली, आणि केस फडताळातून ओढताना झाकण हातात.

वजन हा ढोबळ पण कामाचा निकष आहे. ट्रेसकट रिकामी केस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली तर भक्कम केस ७० ग्रॅमच्या आसपास भरते. ५०च्या घरात असेल तर भिंती पातळ आहेत असं समजा. विक्रेत्याने वजन दिलं नसेल तर विचारावं, आणि उत्तर टाळलं तर तेही उत्तरच.

एकदम शंभरची पेटी मागवण्याआधी पाच-दहा नग घेऊन पाहावेत. त्याच विक्रेत्याकडची पुढची खेप दुसऱ्या साच्यातली असू शकते, म्हणून नमुने पसंत पडले की गरजेचा आकडा लवकर आणि एकाच वेळी मागवलेला बरा. दहा टक्के जास्त धरावेत, काही वाटेत फुटतातच. नुसत्या फुगेदार पाकिटातून केसेस मागवू नयेत, नालीदार पुठ्ठ्याची पेटी हवी. सुट्या एकावर एक रचलेल्या केसेस वाटेत एकमेकींवर घासतात आणि नव्या असूनही झाकणं धुरकट निघतात. पेटी आल्यावर चार गोष्टी बघायच्या. सपाट टेबलावर केस डुगडुगते का, झाकण दोन्ही कोपऱ्यांवर सारखं मिटतं का, उजेडात धरल्यावर झाकणात लाटांसारख्या रेषा दिसतात का, आणि झाकणाच्या आतले, बुकलेट धरणारे अर्धगोल पूर्ण आहेत का. बत्तीस पानी बुकलेट बेताने सरकवून पाहावं. पातळ बुकलेट कुठेही बसतं, परीक्षा जाड्या बुकलेटचीच.

अदलाबदल करताना घाई नडते ती कागदाला. आधी डिस्क काढून बाजूला ठेवा, मग बुकलेट. झाकण साधारण काटकोनात उघडून एक कान अंगठ्याने बाहेरच्या बाजूला किंचित ताणा, खुंटी सुटते. दुसरी आपोआप येते. झाकण निघालं की ट्रे मोकळा मिळतो. कोपऱ्यातल्या फटीत नख किंवा प्लास्टिकची बोथट पट्टी घालून एकेक कोपरा सोडवा. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर नको, तो नेमका इन्ले कार्डात घुसतो. ट्रे निघाल्यावर तळ उलटा करून कार्ड हातावर पाडा, पट्टीला धरून ओढू नका. जुन्या कार्डाची घडीच आधी फाटते.

नव्या तळात कार्ड ठेवताना छापील बाजू बाहेर, दोन्ही पट्ट्या उभ्या. घडी सैल पडली असेल तर पट्टी धरून हलकी नव्याने मोडावी. ट्रेची खाचा असलेली अरुंद पट्टी बिजागरीकडे येते, उलटा बसवला तर तो बसतच नाही, आणि जोर केला तर तळ तडकतो. ट्रे हबवर नाही, चार कोपऱ्यांवर दाबून बसवायचा. चारही ‘टक्’ ऐकू आले पाहिजेत. केस नीट मिटत नसेल तर दहापैकी नऊ वेळा कागदाची पट्टी ट्रेखाली मुडपलेली असते. काढून पुन्हा बसवा, दाबून मिटवू नका.

दमट हवेत राहिलेल्या केसमध्ये बुकलेटचा चकचकीत कागद झाकणाला चिकटलेला सापडतो. तो ओढला की छपाई झाकणावरच राहते. कडेने पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवत थोडं थोडं सोडवावं, आणि सुटत नसेल तर ते झाकण तसंच ठेवून फक्त तळ आणि ट्रे बदलावेत. मात्र वेगवेगळ्या उत्पादकांचे भाग एकमेकांना नेहमी जुळत नाहीत. खुंटीची जाडी आणि भोकाचं माप किंचित वेगळं असतं, त्यामुळे झाकण एकतर लटपटतं किंवा अडतं. चांगल्या स्थितीतले जुने सुटे भाग म्हणूनच फेकू नयेत. त्याच साच्यातला जोडीदार कधी ना कधी लागतो.

दोन डिस्कच्या अल्बममध्ये आणखी एक भानगड आहे. जुनी जाड डबल केस सुमारे २४ मिमीची, नवी डबल केस एकेरीइतकीच जाड आणि आत फिरणाऱ्या ट्रेची. जाड केसच्या कागदांची मापं आणि घड्या वेगळ्या असतात, त्यामुळे जागा वाचवायला ते बारीक केसमध्ये घालायचे तर कागद कापावे लागतात. ते करू नये. फिरणाऱ्या ट्रेचा कच्चा भाग म्हणजे त्याच्या दोन टोकांच्या बारीक खुंट्या, मागवताना सुटे ट्रे दोन-चार जास्तच घ्यावेत.

जाड केसेस आणि बॉक्स सेटमध्ये कधीकधी डिस्कवर फोमची चकती असते. ती लगेच काढून टाका. फोम वर्षांनुवर्षांत विरघळल्यासारखा चिकट होतो आणि डिस्कला लागतो. छापील बाजूवर त्याचा डाग पडला तर जास्त वाईट, कारण परावर्तक थर त्याच बाजूला आहे आणि त्यावर फक्त लाखेचा पातळ लेप असतो.

केस बदलण्याच्या निमित्ताने डिस्कही निरखावी. पीडीओ या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या काही डिस्क कडेपासून तांबूस होत जातात. कागदातल्या गंधकाची चांदीच्या थराशी प्रक्रिया होते, लाख ती अडवू शकत नाही. मधल्या भागावर ‘मेड इन यूके बाय पीडीओ’ असं दिसलं आणि कडा तांबूस वाटली तर नवी केस नंतर, आधी कॉपी काढून ठेवा.

लवचीक पॉलिप्रॉपिलीनच्या केसेस पडून फुटत नाहीत हे खरंच. बिजागरी त्याच प्लास्टिकची, घडीची, तीही मोडली नाही. गाडीत किंवा मुलांच्या हातात जाणाऱ्या सीडींसाठी त्या घ्याव्यात. पण प्लास्टिक किंचित दुधाळ, मुखपृष्ठ फिकं दिसतं, आणि उष्णतेत काहींची झाकणं पोक काढून बसली. कलेक्शनच्या फडताळात त्या शोभत नाहीत. स्लिम केस ५ मिमीची, जागा निम्मी. पण तिला मागचं इन्ले कार्ड बसत नाही आणि उभी ठेवल्यावर नाव दिसत नाही. मूळ अल्बमसाठी तिचा विचारच करू नये.

मऊ स्लीव्ह जागेच्या हिशेबात कोणालाही हरवतात. शंभर केसेसना मीटरभर फडताळ लागतं, स्लीव्हना त्याचा लहानसा भाग पुरतो. घेताना पीव्हीसीचे टाळा. त्यातलं मऊ करणारं रसायन बाहेर येतं आणि छपाई चिकटते. पॉलिप्रॉपिलीनचे, आत न विणलेल्या कापडाचा वेगळा कप्पा असलेले घ्या. तरी इन्ले कार्डच्या पट्ट्या सपाट कराव्या लागतात, हे मला पटत नाही.

चांगली केस आणखी चांगली राहावी म्हणून बाहेरून घालायचं पारदर्शक पाकीट मात्र पैसे वसूल करतं, विशेषतः जपानी प्रतींवरच्या कागदी पट्टीसाठी. गोंदाची पट्टी पाकिटाच्या दुमडून मिटणाऱ्या कडेवर नसून पाकिटाच्या अंगावर असलेली घ्यावी, नाहीतर केस आत-बाहेर करताना गोंद कागदी पट्टीलाच चिकटतो.

आणि बदलण्याआधी धुऊन पाहा. नुसती मळकी केस कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुतली की निम्म्या वेळा नवीन लागतच नाही. किमतीचं स्टिकर खाद्यतेल लावून तासभर ठेवलं की निघतं. अ‍ॅसिटोन, थिनर आणि संत्र्याच्या सालीच्या तेलाची स्टिकर-रिमूव्हर वापरू नका, पॉलिस्टायरीन त्यांत विरघळतं आणि झाकण कायमचं पांढुरकं पडतं. कोरड्या फडक्याने जोरात पुसलं तर स्थिर विजेने धूळ उलट जास्त ओढली जाते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून हवेवर वाळू द्यावं. पूर्ण वाळल्याशिवाय कागद आत घालू नये.