मेलबर्नची बंदर-सेवा, १८६५: दुरुस्ती चोख, पहारा ढिला

अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांची 'शेनन्डोआ' ही युद्धनौका २५ जानेवारी १८६५ रोजी मेलबर्नच्या हॉब्सन्स बे या उपसागरात शिरली. जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याचं बेअरिंग पाण्याखाली बिघडलेलं, त्यामुळे जहाज विल्यमस्टाऊनच्या जहाजदुरुस्तीच्या उतारावर पाण्याबाहेर ओढून घेणं भागच होतं. हे काम नीट झालं.

नियमही स्पष्ट होते. मेलबर्न तेव्हा ब्रिटिश वसाहतीत होतं आणि ब्रिटन या युद्धात तटस्थ. १८६२ च्या ब्रिटिश आदेशानुसार लढणाऱ्या पक्षांच्या युद्धनौकांचा मुक्काम २४ तासांचा. दुरुस्ती, वादळ किंवा शिधा असेल तरच वाढीव. कोळसा मायदेशाच्या जवळच्या बंदरापुरता, आणि परवानगीशिवाय तीन महिन्यांत दुसऱ्यांदा नाही.

घोटाळा झाला तो माणसांवरून. युद्धनौकेसाठी किनाऱ्यावर खलाशी भरती करणं हा गुन्हा, पण परक्या युद्धनौकेवर झडती घेता येत नाही. जहाजाचा कॅप्टन वॉडेल याने झडतीला आलेल्या पोलिसांना अडवलं. वसाहतीचा गव्हर्नर डार्लिंग याने दुरुस्तीची मदत थांबवली, हे योग्यच. मात्र ती लगेच पुन्हा सुरूही केली. रात्री किनाऱ्यावरून सुटणाऱ्या होड्यांवर नजर हवी होती. तिथे अधिकार पूर्ण होता, पहारा मात्र नव्हता. १८ फेब्रुवारीला जहाज सुटलं तेव्हा चाळीसेक नवे खलाशी आत होते.

याच भरतीमुळे १८७२ मध्ये अमेरिका-ब्रिटन वादावरच्या जिनिव्हाच्या लवादाने मेलबर्न सोडल्यानंतर या जहाजाने केलेल्या अमेरिकी जहाजांच्या लुटीची जबाबदारी ब्रिटनवर टाकली.